बोटीतच बसतील

बुधवार, रात्री साडेदहा

जावयांनी दुपारी ग्रुपवर यादी टाकली. कोण काय करणार त्याची. स्नॉर्केलिंग, स्नॉर्केलिंग, स्कुबा, कयाक. मग खाली, बाबा : काचेची बोट. आणि अगदी शेवटी, आई : बोटीतच बसतील.

ह्यांना निदान काचेची बोट मिळाली. मला नुसतं बसणं.

चुकीचं काय लिहिलंय त्यात? काहीच नाही. 'बसतील' असं मानानं लिहिलंय. तरी संध्याकाळी भाकरी थापताना दोन फाटल्या, आणि हे म्हणाले, पीठ जुनं आहे काय? होय म्हटलं, जुनंच आहे.

मार्चमध्ये लक्षद्वीप. कोचीहून जहाज, रात्री जहाजावर झोपायचं, दिवसा बेटावर. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. दुपार कलली की परत जहाजावर, म्हणजे एकेका बेटावर सगळं करून होत नाही. म्हणून स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं, ते कुठल्या तरी एकाच ठिकाणी निवांत करायचं ठरलं, आणि ते कुठे ह्यावर चार दिवस ग्रुपवर लग्नाच्या याद्यांची बैठक बसल्यासारखं चाललंय. जावई म्हणतात कवरत्ती, कारण त्यांना तिथेच स्कुबा करायचंय. धाकटी म्हणते मिनिकॉय, कारण तिला दीपगृहावर चढून फोटो काढायचेत. बाब्या म्हणतो जिथे कासव दिसेल तिथे. थोरली म्हणते तुम्ही ठरवा आणि मला कळवा, म्हणजे नंतर नावं ठेवायला ती मोकळी.

आणि वाचणारी मी एकटी. चार दिवस दुपारची झोप सोडून चष्मा लावून वाचत्येय. जी बोटीत बसणार आहे तिनं ठरवायचं की बाकीच्यांनी बुडी कुठे मारायची. बरं आहे.

मिनिकॉयचं पहिल्यांदा बाजूला ठेवलं. वाईट म्हणून नाही, उलट मला सगळ्यात जास्त बघायचंय ते तेच. ते बाकीच्या बेटांपासून लांब, पार खाली दक्षिणेला, मध्ये नऊ अंशाचा चॅनेल म्हणतात तो समुद्राचा रुंद पट्टा. दीपगृह इंग्रजांनी १८८५ मध्ये बांधलेलं. सगळ्या बेटांवर मल्याळम चालते, आणि ह्या एका बेटावर महल, मालदीवच्या भाषेची बहीण, उजवीकडून डावीकडे लिहितात. हे मी ह्यांना वाचून दाखवलं तर पेपर खाली न करता म्हणाले, म्हणजे तिथेही आहेच म्हण की. काय आहे ते मी विचारलं नाही. इथे बेळगावात राहून विचारायची गरज पडत नाही.

मग मीच पुढचं वाचलं. लक्षद्वीप केंद्रशासित झालं ते १ नोव्हेंबर १९५६ ला. आणि ह्या बेटांना 'लक्षद्वीप' हे नाव मिळालं तेही १ नोव्हेंबरलाच, १९७३ साली. तेव्हा मात्र पेपर खाली आला. "त्यांचाही एक नोव्हेंबर?" म्हणाले. त्याच तारखेला आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि त्याच तारखेला म्हैसूरचं कर्नाटक झालं. तिथे त्या दिवशी काय करतात कोण जाणे. हे बराच वेळ त्यावरच बोलत बसले आणि माझं स्नॉर्केलिंग राहिलं.

मिनिकॉयला दिवस गावात घालवावा. दहा गावं आहेत म्हणे त्या एवढ्याशा बेटावर, टूना मासा डब्यात भरायचा कारखाना आहे. ओले कपडे घालून गाव बघता येत नाही.

राहिली कवरत्ती आणि कल्पेनी. कवरत्ती राजधानी, सोयी तिथे, काचेच्या तळाच्या बोटीही. तिथे हे निवांत बसून बघतील. पोहायला मला कल्पेनी बरं वाटतं. कल्पेनीच्या बाजूला तिलक्कम, पिट्टी अशी चिमुकली बेटं आहेत आणि ह्या सगळ्यांना मिळून एकच प्रवाळाचं कडं. कड्याच्या आत पाणी उथळ आणि शांत, बाहेर खोल समुद्र. लाटा फुटतात त्या बाहेरच. पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा मोठा बांध आहे, तो १८४७ च्या वादळानं एका फटक्यात आणून टाकलेला. आणि ह्या सगळ्या बेटांत मुली शाळेत पहिल्यांदा गेल्या त्या कल्पेनीला, असं सांगतात. ह्याचा पोहण्याशी काही संबंध नाही. वाचून बरं वाटलं, एवढंच.

तर मी हे सगळं नीट लिहून ग्रुपवर टाकलं. सकाळी उतरा, ऊन तिरपं असताना. ओहोटीला जाऊ नका, पाणी कमी झालं की पोट प्रवाळाला घासतं आणि ती जखम लवकर भरत नाही. प्रवाळावर पाय ठेवू नका, तो दगड नाही, जिवंत आहे. मास्कच्या काचेला आतून थुंकी लावून धुवायची, म्हणजे वाफ धरत नाही. जावयांनी अंगठा दिला. धाकटीनं 'वॉव आई'. आणि तासाभरानं ती यादी.

बोटीतच बसतील.

मला पोहता येतं.

हे लिहायला मला पान उलटावं लागलं. येत होतं, असं लिहायचं होतं आधी. पण पोहणं सायकलीसारखं म्हणतात ना.

काकांनी पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत टाकलं तेव्हा मी नऊ वर्षांची. महिन्याभरात डबा सुटला. मग दिवाळीच्या सुट्टीत आजोळी, खानापूरच्या बाजूला, मलप्रभेत. पावसाळ्याचा गढूळपणा तोवर खाली बसलेला असायचा आणि डोहात तळ दिसायचा. कणकुंबीला उगम, म्हणजे आमच्यापर्यंत येईतो नदीही लहानच, आमच्याएवढी. दादा आणि मी डोळे उघडे ठेवून बुडी मारायचो. गुडघ्यापासून खालचे दादाचे पाय हिरवट पांढरे, कुणा दुसऱ्याचेच वाटायचे. गोट्यांवरचं शेवाळ एकाच बाजूला विंचरल्यासारखं. बोटभर मासे टाचेची कातडी ओढायचे. आणि खेळ असा की दादानं पलीकडच्या टोकाला पाण्याखाली दोन गोटे एकमेकांवर आपटायचे, मी इकडे बुडून मोजायचं. तो आवाज लांबून येत नाही. टक्, असा आपल्याच डोक्यात होतो. नऊ, दहा, अकरा. अकरावर माझा श्वास संपायचा आणि दादा मुद्दाम बारावा वाजवायचा.

सातवीच्या सुट्टीत आई टॉवेल घेऊन काठावर आली. "पुरे आता," म्हणाली. मला वाटलं आजच्यापुरतं.

असो. दादाला हे आठवत असेल काय, विचारायला हवं होतं.

मघाशी जेवताना ह्यांना सांगितलं, मला पोहता येतं म्हणून. घास तसाच हातात. "तुला? कधी बोलली नाहीस ते?" चौतीस वर्षांत विषय निघाला नाही, म्हटलं. "निघाला असता तर मी काय नको म्हटलं असतं?" आता हे भांडण करायचं की नाही ह्याचा मी क्षणभर विचार केला. आमटी गार होत होती. वाढली.

रडू आलं थोडं, भांडी लावताना. खोटं कशाला लिहू. मी कुणाच्या हिशेबातच नाही, असं काहीतरी. आयुष्यभर दुसऱ्यांचे टॉवेल वाळत घातले, असलं काय काय. मग आंघोळीच्या बादलीचं केलं.

म्हणजे असं झालं, की बाब्यानं मागवलेला मास्क आणि नळी आलेय. इथल्याच पत्त्यावर मागवतो तो, तिकडे घरी दिवसभर कोणी नसतं म्हणून. निळ्या रबराचा. मी खोका हळूच उघडला. मास्क बसतो की नाही हे बघायची एक युक्ती वाचली होती : पट्टा न लावता तोंडावर धरायचा, नाकानं श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. पडला नाही तर आपल्या मापाचा. मी न्हाणीत आरशासमोर उभी राहून केलं. पडला नाही! दोन्ही हात मोकळे आणि आरशात मी, निळ्या रबरातून गाल बाहेर आलेले, कपाळावर टिकली, काचेच्या आत डोळे एवढे मोठे. टिटवीसारखी दिसत होते. एकटीच हसले.

मग बादली भरली. खाली बसून, गुडघे कुरकुरले ते वेगळं, नळी तोंडात धरून तोंड पाण्यात घातलं. तोंडानं श्वास घ्यायचा, हे इतकं सोपं वाक्य. नाक ऐकतच नाही. पहिल्यांदा ठसका. दुसऱ्यांदा मीच घाबरून वर आले. तिसऱ्यांदा मात्र श्वास नळीतून गेला आणि आला, गेला आणि आला, भांडं घासल्यासारखा आवाज करत. पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा मोठी आणि जवळ दिसते म्हणतात. दिसते. माझ्या बादलीच्या तळाला एक चीर आहे, मला आजवर दिसली नव्हती. आणि पितळी तांब्या बादलीच्या काठाला लागला, टक्.

बाहेर हे विचारत होते, "काय चाललंय तुझं? गिझर बंद कर की!"

तशीच भिजल्या केसांनी येऊन बसले आणि हे लिहितेय. आता राग शोधतेय तर सापडत नाही धड. कारण खरं सांगायचं तर जावयांनी ते मनचं लिहिलेलं नाही. मालवणला सगळे किल्ल्याच्या बाजूला स्नॉर्केलिंगला उतरले तेव्हा मीच म्हटलं होतं, तुम्ही जा, मी बसते. पाच मोबाईल, दोन पाकिटं, बाब्याचा चष्मा, सगळं पदराच्या ओच्यात घेऊन बसले होते बोटीत. गोकर्णला वाळूत तेच. गोव्याला तेच. त्यांनी बिचाऱ्यांनी मला दर वेळी जिथे बघितलं तिथेच यादीत लिहिलं. आई टॉवेल घेऊन एकदाच आली होती. नंतरचे टॉवेल मीच धरलेत.

हे लिहून बरं वाटतंय की वाईट, कळत नाही. पुढे जाऊ.

एकच गोष्ट खरी मनाला लागलीये आणि ती ह्या यादीतली नाही. वाचताना कळलं, २०२३ च्या अखेरीपासून तिकडचा समुद्र तापत गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात बेटांभोवतीची प्रवाळं मोठ्या प्रमाणात पांढरी पडली. आधीही पडली होती, १९९८, २०१०, २०१६. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि जेवणही. पाणी फार तापलं की तो त्या शेवाळाला बाहेर काढतो आणि पांढरा होतो. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं, नाहीतर उपाशी राहून जातो. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी मी पाण्याखाली डोळे उघडणार आणि समोर काय असेल ते सांगता येत नाही. मलप्रभेचा तो डोह तरी कुठे तसा राहिलाय. गेल्या वर्षी पुलावरून बघितला, गाडी थांबवा म्हटलं नाही.

तरी उतरेन म्हणते. जहाज मोठं, कड्याच्या आत येत नाही, बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं तिथून छोट्या बोटीत उतरवतात. बोट लाटेबरोबर वर-खाली होते आणि ती वर आली की त्या क्षणी पाय टाकायचा. खलाशी दंडाला धरतात. ते जमलं तर बाकीचं काय, लाइफ जॅकेट घालून नुसतं पालथं पडून राहायचं आहे. तेवढं येतं मला. गोवावेसच्या टँकवर बायकांची वेळ कुठली ते सोमवारी विचारून येते. पोहायचा पोशाख कसला घेतात, ते मात्र कुणाला विचारू? धाकटीला विचारलं तर ग्रुपवर जाणार.

आत्ता, पावणेअकराला, ग्रुपवर एवढंच टाकलं : "कल्पेनीला मास्क एक जास्त सांगा."

जावयांचा अंगठा आला. मग दोन मिनिटांनी थोरलीचा फोन. एवढ्या रात्री.

"आई, बाबांना बीपी आहे. त्यांना कशाला पाण्यात उतरवतेस?"

ह्यांच्याकडे बघितलं. घोरत होते.

उद्या सांगते म्हटलं, ठेव आता. मास्क अजून ओला आहे. पुसून खोक्यात ठेवायला हवा, नाहीतर बाब्याला कळेल.