भोवळ येते, तरी वर का बघते?

"भोवळ येते तर उंच इमारतींचे फोटो खालून काढायचेच कशाला?" हे विचारून झालं की पाठोपाठ येतं, "उंचीची भीती आहे का?" नाही. विसाव्या मजल्यावरच्या गच्चीच्या कठड्याशी मी निवांत उभी राहते. मला गरगरतं ते जमिनीवर उभं राहून वर बघताना.

मान पूर्ण मागे गेली की आतल्या कानातले तोल सांभाळणारे अवयव नेहमीच्या स्थितीत राहत नाहीत. नजर लांबच्या टोकावर असते, त्यामुळे आपण किती झुलतोय हे डोळ्यांनाही कळत नाही. त्यात एक डोळा मिटलेला आणि दुसरा व्ह्यूफाइंडरला. हे मनाचे खेळ नाहीत, एवढं तरी मान्य करा.

तो दिवस मात्र मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता. काचेची इमारत होती, आणि ढग माझ्या डोक्यावरून तिच्या मागे सरकत होते. अशा वेळी ढग थांबल्यासारखे वाटतात आणि इमारत अंगावर येते. मला हे माहीत होतं. तरीही ती खरोखर कलली असं वाटलं आणि मी मागे पाऊल टाकलं. मागे फूटपाथ संपला होता. मी रस्त्यावर पाठीवर पडले, कॅमेरा छातीशी घट्ट धरलेला. एका दुचाकीचं चाक माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलं. चालवणारा मुलगा माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. "पाय घसरला," मी म्हणाले. घरीही तेच सांगितलं. पाय घसरला नव्हता.

त्याआधी नवशिक्यांना मी छातीठोकपणे सांगायचे, सवयीने जातं. चुकीचं सांगत होते. सवयीने फक्त लपवता येतं.

आता भिंतीला किंवा खांबाला पाठ टेकल्याशिवाय कॅमेरा वर करत नाही. जागा असेल तर सरळ उताणी झोपते. फ्लिप स्क्रीन, म्हणजे कॅमेऱ्याची बाहेर वळवता येणारी स्क्रीन, कमरेशी धरून खाली बघत फ्रेम लावते, दोन्ही डोळे उघडे ठेवून. चार-पाच फोटो झाले की मान हळूहळू खाली आणते आणि समोरच्या एखाद्या स्थिर वस्तूकडे बघते. कॅमेऱ्याला डोळा असताना पाऊल उचलायचं नाही. आणि अंथरुणात कूस बदलतानाही गरगरत असेल, तर हे उपाय करत बसू नका, कानाच्या डॉक्टरांकडे जा. मी गेले होते.

"शिफ्ट लेन्स घे, लांबून काढ," असंही सांगतात. ही लेन्स कॅमेरा न कलवता वर सरकवता येते, त्यामुळे मान सरळ राहते, रेषाही सरळ उभ्या येतात. पण मला त्या वर जात एकमेकींकडे झुकणाऱ्या रेषाच हव्या असतात. पायथ्याशी उभ्या माणसाला इमारत तशीच दिसते.

परवा उताणी पडून एक फ्रेम घेतली. रेषा मनासारख्या आल्या. तरी उठल्यावर, पाठीला भिंत नसताना, मी एकदा उभ्याने वर बघितलंच. ढग होते.