एक तिकीट, मित्राच्या नावे

इंदूरने एकदा अख्खा सामनाच दुसऱ्या गावाला देऊन टाकलेला आहे. २४ ऑक्टोबर २०१८ चा भारत विरुद्ध वेस्ट इंडीज हा एकदिवसीय सामना होळकर स्टेडियमवर व्हायचा ठरला होता. पण फुकट पास किती आणि ते कोणाच्या वाट्याचे, यावरून राज्याची क्रिकेट संघटना आणि भारतीय क्रिकेट मंडळ यांचे बिनसले आणि सामना विशाखापट्टणमला गेला. मंडळाच्या नव्या घटनेनुसार ९० टक्के तिकिटे विक्रीला काढायची होती आणि मानाच्या पासांना १० टक्केच जागा उरत होती. आमच्या मैदानाच्या हिशेबाने ते जेमतेम सत्तावीसशे पास झाले असते, आणि सत्तावीसशे पासांत इंदूरचे भागत नाही. तिकडे विराट कोहलीने नाबाद १५७ धावा काढल्या, एकदिवसीय सामन्यांतल्या त्याच्या दहा हजार धावा पूर्ण झाल्या, सामना बरोबरीत सुटला, आणि इथे पासवाले व बिनपासवाले सगळे समान पातळीवर येऊन टीव्हीसमोर बसले.

हे सांगायचे कारण असे, की ज्या गावात तिकीट काढण्यापेक्षा पास मिळण्याला मान आहे, त्या गावात रीतसर पैसे भरून ऑनलाइन तिकीट काढणारा माणूस आधीच थोडा भोळा समजला जातो. मग काही अडचण निघून त्याला ते तिकीट मित्राला द्यायची वेळ आली, तर "पाठव ना मोबाइलवर, त्यात काय" असे त्याला सहज सुनावले जाते. त्यात बरेच काही आहे.

मुळात अशी तिकिटे उरण्याचे प्रमाणच वाढले आहे. नाटकाचे तिकीट आदल्या दिवशी खिडकीवर जाऊन काढले, तर मधल्या एका रात्रीत काय बिघडणार? मोठ्या कार्यक्रमांची विक्री मात्र आता महिनोन्‌महिने आधी उघडते. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे नवी मुंबईतले कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये झाले आणि त्यांची तिकिटे सप्टेंबर २०२४ मध्येच संपली होती. चार महिन्यांनंतरच्या एका संध्याकाळी आपला गुडघा, आपली रजा आणि आपल्या साडूच्या मुलाचे लग्न यांपैकी काय आडवे येईल, हे तिकीट काढताना कोणाला सांगता येते? पण त्या वेळी पडद्यावर घड्याळ उलटे पळत असते, म्हणून माणूस चार तिकिटे काढून मोकळा होतो आणि कोण जाणार याचा विचार पुढे ढकलतो.

माझी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे मला हा सगळा मामला चेकच्या भाषेतच नीट समजतो. कागदी तिकीट हा बेअरर चेक होता; ज्याच्या हातात तो, त्याचे पैसे. अलका किंवा मधुमिलन टॉकीजच्या दारावरचा माणूस तिकीट फाडून अर्धा तुकडा परत देत असे आणि समोरच्या माणसाचे नाव काय, याच्याशी त्याला काहीही देणेघेणे नसे. ऑनलाइन तिकीट हे बहुतांशी अकाउंट पेयी आहे. ते एका खात्यात, एका मोबाइल क्रमांकाला बांधलेले असते, आणि दुसऱ्याला द्यायचे तर ते खात्यातून खात्यातच जावे लागते.

लोक यावर जो उपाय करतात तो सर्वांना ठाऊक आहे: क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. सिनेमाला हे बहुधा चालून जाते. पण नीट पाहिले तर असे पाठवणाऱ्याने काहीच दिलेले नसते, कारण तिकीट त्याच्याकडे जसेच्या तसे राहते आणि मित्राकडे त्याचे चित्र जाते. ते चित्र मित्राने बायकोला पाठवले, बायकोने भावाला पाठवले, तर एका खुर्चीचे चार धनी तयार होतात आणि त्यांच्यातला जो दारावर आधी पोहोचेल तो आत जातो. उरलेल्या तिघांना यंत्र लाल दिवा दाखवून सांगते की हे तिकीट वापरून झाले आहे. अमेरिकेत टिकेटमास्टर या कंपनीने २०१९ पासून सेफटिक्स नावाची सोय आणली, तीत बारकोड दर काही सेकंदांनी बदलत राहतो, त्यामुळे त्याचा फोटो काढून ठेवण्यात अर्थच उरत नाही. मला ही युक्ती पटते. तिथे रीतसर ट्रान्सफर केले की देणाऱ्याचा जुना बारकोड रद्द होतो आणि घेणाऱ्याच्या खात्यात नवा तयार होतो, म्हणजे दिलेली वस्तू आपल्याकडे खरोखर उरत नाही.

पण या देण्यात एक पायरी अशी आहे की जी कागदाच्या काळात कोणाच्या लक्षातही येत नसे. आपण तिकीट पाठवले तरी मित्राने ते स्वीकारल्याशिवाय ते त्याचे होत नाही. अनेकांना हा नव्या जमान्याचा चावटपणा वाटतो. परंतु आपला मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे, आणि त्याच्या १२२ व्या कलमात बक्षीसपत्राची जी व्याख्या आहे तिच्यात हेच सांगितलेले आहे, की देणाऱ्याने मोबदला न घेता स्वेच्छेने द्यावे आणि घेणाऱ्याने ते स्वीकारावे. स्वीकार देणाऱ्याच्या हयातीत व्हावा, असेही तिथे लिहिले आहे. माझ्या मित्रमंडळींचा फोन पाहण्याचा वेग लक्षात घेता ही अट मला अगदीच अनाठायी वाटत नाही.

पाठवणे आणि स्वीकारणे यांच्या मधल्या काळात तिकीट विचित्र अवस्थेत असते. देणाऱ्याच्या फोनवर ते फिकट दिसते आणि खाली "प्रलंबित" अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते. घेणाऱ्याच्या फोनवर ते अजून पोहोचलेलेच नसते. पाठवलेले परत घेण्याचे बटणही या काळात बहुधा चालू असते. मित्राने संध्याकाळपर्यंत पाहिलेच नाही, तर ते दाबावे की नाही, हा खरा नाजूक प्रश्न आहे. माझे मत असे, की कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहावी, मग एक फोन करावा, आणि फोनही उचलला नाही तर निःसंकोच परत घेऊन दुसऱ्याला द्यावे. न वापरलेल्या तिकिटापेक्षा थोडा रुसलेला मित्र परवडतो.

स्वीकारताना काय होते, ते मी सुदामानगरातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी बसून पाहिले आहे. एका गायनाच्या मैफलीचे तिकीट मी त्याला पाठवले होते. त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, निरोप उघडला, आणि बोट पडद्यापासून एक इंच वर धरून मला म्हणाला, "अरे, इथं दाबा म्हणतंय. दाबू? पैसे तर नाही ना कटणार?" त्याची भीती रास्त होती. अनोळखी क्रमांकावरून निरोप येतो, आपल्याला काहीतरी मिळाले आहे असे तो सांगतो, खाली एक निळी ओळ असते, तिच्यावर दाबा म्हणतो, आणि मग ओटीपी मागतो. अशा निरोपावर कधीही दाबू नका, हे आम्ही दोघांनी नोकरीतली शेवटची काही वर्षे समोर आलेल्या प्रत्येक खातेदाराला बजावून सांगितले होते. पैसे घेताना काहीही दाबावे लागत नाही, दाबावे लागते ते देताना, हे तर आम्ही पाढ्यासारखे म्हणत असू. इथे घेणाऱ्यालाच दाबायचे होते! अखेर त्याने दाबले, तेव्हा अ‍ॅप उतरवून घ्या अशी सूचना आली, आणि अ‍ॅप उतरवू गेला तर फोनमध्ये जागा नव्हती, कारण सगळी जागा सकाळी येणाऱ्या सूर्योदयांनी, गुलाबांनी आणि सुविचारांनी भरलेली होती. ते पुसायला वहिनी बसल्या. त्यांनी प्रत्येक सुविचार पुसण्याआधी एकदा वाचून पाहिला, त्यामुळे त्या कामाला मैफलीइतका नाही तरी मध्यंतरापर्यंतचा वेळ नक्कीच लागला.

त्यानंतर निघतो तो पैशांचा विषय. "किती झाले?" असे मित्र विचारतो आणि आपण आकडा सांगताना अडखळतो, कारण तिकिटावर छापलेली किंमत एक असते आणि आपल्या खात्यातून गेलेली रक्कम दुसरी. कन्व्हिनियन्स फी, म्हणजे खिडकीवर न जाण्याच्या सोयीचा आकार, आणि त्यावरचा कर, हे मित्राकडून घ्यावे का? माझा हिशेब सोपा आहे. सर्वांनी मिळून जायचे म्हणून एकाने सगळ्यांची तिकिटे काढली असतील, तर फीसकट पुरती रक्कम सांगावी आणि मित्राने ती त्याच रात्री पाठवावी. पण मला जाता येत नाही म्हणून मी ते दिले असेल, तर एक पैसाही घेऊ नये. दुसऱ्या प्रकारात इंदूरचा मित्र ऐकत नाहीच, तो एखाद्या रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात नेऊन तळलेला गराडू कंद आणि रबडी खायला घालतो, आणि तिकिटाच्या कितीतरी पट अपचन पदरात टाकतो.

छापील किमतीपेक्षा जास्त घेणारे मात्र मित्र नव्हेत, आणि ही सगळी कुलुपे त्यांच्यासाठीच लावलेली आहेत. ८ डिसेंबर २०२४ ला दिलजीत दोसांझचा कार्यक्रम इंदुरात झाला, तेव्हा काळ्या बाजारातल्या तिकिटांची चर्चा इतकी तापली होती की गायकाला मंचावरून त्याविषयी बोलावे लागले, आणि ते बोलताना त्याने आमच्या राहत इंदौरींच्या शेराचा आधार घेतला. दहा तिकिटे काढून नऊ विकणारा आणि चार काढून एक भावासारख्या मित्राला देणारा, हे दोघे यंत्राला सारखेच दिसतात. म्हणून काही ठिकाणी ट्रान्सफरची सोयच नसते, आणि काही ठिकाणी ऑनलाइन तिकिटाची खऱ्या पासाशी अदलाबदल करायला मूळ खरेदीदाराचे ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि सहीचे परवानगीपत्र न्यावे लागते. परवानगीपत्र लिहिण्याची संधी मला तरी आवडते. "मी खाली सही करणारा" अशी सुरुवात केली की जुना टेबल समोर आल्यासारखे वाटते.

तरीही आपल्या रेल्वेपेक्षा ही मंडळी उदार म्हणायची. आरक्षित तिकीट दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय रेल्वेत आहे, गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. पण सहसा ते मिळते आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांनाच, आणि नात्याचा पुरावा जोडून. या यादीत मित्र नाही. ज्या भावाशी वाटणीवरून बोलणे बंद आहे त्याला माझी बर्थ मिळू शकते, आणि ज्याच्यासोबत चाळीस वर्षे डबा वाटून खाल्ला त्याला मिळत नाही. मैफलीचे अ‍ॅप नाते विचारीत नाही, फक्त मोबाइल क्रमांक विचारते.

नाते विचारतात ते शेजारच्या खुर्चीवरचे लोक. इंदुरातल्या सानंद न्यास या संस्थेच्या मराठी नाटकांना येणारे सभासद पाच गटांत वाटलेले आहेत, रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी त्यांतल्या काही गटांची नावे, आणि वर्षानुवर्षे तेच चेहरे भेटत असल्यामुळे एखादा नवा चेहरा दिसला की पडदा उघडण्याआधी त्याचे कूळ काढले जाते. ऑनलाइन तिकिटांच्या कार्यक्रमात हे होत नाही, आणि स्वीकारलेले तिकीट पुढे ट्रान्सफर करता येत असेल तर आपल्या शेजारी शेवटी कोण येऊन बसेल, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. यावर रागावण्याचा हक्क मात्र देणाऱ्याला नाही; दिले ते दिले. मागे एकदा जोडीने काढलेल्या तिकिटांपैकी एक मी मित्राला दिले, आणि माझ्या शेजारी एक दाढीवाला तरुण येऊन बसला. तो मित्राचा जावई निघाला. सासऱ्यांना ऐनवेळी ताप भरल्यामुळे त्यांनी ते पुढे पाठवले होते, आणि गाण्यातले त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ कळत होते. मध्यंतरात चहाचे पैसे द्यायला मी पाकीट काढले, तेव्हा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "काका, नाही हं. तिकिटासोबत तशी सूचनाही आली आहे."