घड्याळ (बंद)

मार्चमधली भर दुपार, स्कूटरचं मागचं चाक बसलेलं, आणि शनिवार पेठेतला पंक्चरवाला ट्यूब बादलीत बुडवून एकामागून एक तीन ठिकाणचे बुडबुडे मला दाखवत होता. म्हणाला, "पाऊण तास तरी लागेल." सावली शोधत समोरच्या वाड्याच्या दिंडीत शिरलो, तर जिन्याच्या तोंडाशी पत्र्याची पाटी: संग्रहालय, पहिला मजला, चपला खाली काढाव्यात. कॉलेजात असल्यापासून मी या बोळातून जातोय. पाटी कधी दिसली नव्हती.

संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या काकांनीच बजावलंय. "लिहा हवं तर, पण नाव नको. लोक येतात मग."

काका सत्तरीच्या पुढचे. खिडकीपाशी स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवत होते. तिकीट दहा रुपये. माझ्याकडे पाचशेची नोट. "राहू दे, जाताना द्या," असं म्हणून ते पुन्हा कोड्यात शिरले.

दोनच खोल्या. पहिलीत आपल्याकडच्या कुठल्याही घरगुती संग्रहात असतं तेच: अडकित्ते, पानाचे डबे, शेर-अदशेराची मापं, गंजिफा, तांब्याचा बंब. राजा केळकर संग्रहालय बघत वाढलेल्या माणसाला अडकित्त्याचं काय अप्रूप! चिठ्ठ्या मात्र थांबून वाचाव्यात अशा होत्या. निळ्या शाईत, सरळ बारीक अक्षरात, आणि प्रामाणिक. एका पितळी वस्तूपुढे लिहिलं होतं, "दिवा असावा. नसल्यास कळवावे."

दुसऱ्या खोलीत घड्याळांचं कपाट. लंबकाची दोन, खिशातली तीन, एक गजराचं, आणि त्यांच्यामध्ये काळ्या डब्यात बसवलेलं आमटीच्या वाटीएवढं एक. चिठ्ठी: "विलायती घड्याळ (बंद). फक्त सकाळची वेळ दाखवणारे."

"फक्त सकाळची म्हणजे हो काका?"

काका उठून आले. कपाटाला कुलूप नव्हतं, दाराच्या फटीत दुमडलेला पुठ्ठा होता. त्यांनी ते काढून पालथं केलं. मागे एक छोटा मुकुट कोरलेला आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं, ए आणि एम. "हे बघा. ए.एम. म्हणजे सकाळ. पी.एम.चं वेगळं असणार. जोडी फुटली असेल."

सुलटं करून माझ्या हातात दिलं, तेव्हा कुठे मी तबकडी नीट पाहिली. वर बाराच्या जागी शून्य. मग एक, दोन, तीन करत नऊपर्यंत, आणि पुन्हा शून्य. दहा, अकरा, बारा नाहीतच. काटे तीन. आणि तबकडीत एक इवलीशी खिडकी, तिच्यात १०२२ हा आकडा.

माझे वडील सिमला ऑफिसात होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, सिमला ऑफिस पुण्यातच आहे, शिवाजीनगरला. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, आणि येताना नाव घेऊन आलं. हजाराच्या आसपासचा आकडा दिसला की तो मिलिबार, म्हणजे हवेच्या दाबाचं माप असणार, हे आमच्या घरात पाढ्यांबरोबर शिकवलं जायचं. हे घड्याळ नव्हतं. हा विमानातला आल्टिमीटर होता, उंची सांगणारा. ए.एम. म्हणजे एअर मिनिस्ट्री, ब्रिटिशांचं हवाई खातं. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या विमानांत असे तीन काट्यांचे आल्टिमीटर असत: एक काटा शेकडे दाखवणारा, एक हजार, आणि एक दहा हजार फूट.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे सकाळ नाही."

मला राहवलं नाही. जुने वैमानिक करत तसं मी काचेवर बोटाने टिचकी मारली. मोठा काटा दचकल्यासारखा हलला आणि एक या आकड्याच्या जरा पुढे जाऊन थांबला. वाचलं, तर एकवीसशे तीसच्या आसपास फूट. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, म्हणजे १,८४० फुटांवर. तीनशे फूट जास्त दाखवत होतं खरं, पण त्याचंही उत्तर त्या खिडकीत होतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब आज किती, तो आकडा तिथे लावायचा असतो. तो १०२२ वर रुतून बसलेला, आणि मार्चमधला पुण्याचा आकडा त्याहून दहा-अकराने कमी. एका मिलिबारला सत्तावीस-अठ्ठावीस फूट धरा, हिशेब जुळतो.

"काका, बंद नाहीये हे. चालू आहे. इतकी वर्षं हे पुण्याची उंची सांगतंय, आणि तुम्ही वेळ बघताय."

"त्यात आपला पहिला मजला धरलाय का?" काकांनी विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेने नाही.

आत काय असतं तेही मग सांगितलं. पातळ पत्र्याची चपटी, पन्हाळी पाडलेली डबी, आतली हवा काढून घेतलेली. विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि डबी तव्यावरच्या फुलक्यासारखी किंचित फुगते. ती फुगण्याची हालचाल दातेरी चाकांमधून काट्यापर्यंत जाते. खरं तर त्याला उंची कळतच नाही, आपल्या डोक्यावर हवेचं किती ओझं आहे तेवढंच कळतं. म्हणून हवा बिघडली की ते चुकतं. पावसाळ्यात दाब उतरतो, आणि जमिनीवर ठेवलेल्या आल्टिमीटरला वाटतं, आपण चढतोय.

"म्हणजे जुलैत संग्रहालय वर जाणार?"

"दोनशे फूट तरी."

काकांनी खिशातून पेन काढून शब्दकोड्याच्या कडेला काहीतरी लिहून ठेवलं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली, काच उघडायची नाही. काट्यांवरचा पिवळट लेप रेडियमचा असू शकतो. आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटवर चिकटवतात ते 'रेडियम' नव्हे, अस्सल. त्याचा जोर निम्मा व्हायला सोळाशे वर्षं लागतात. चमकणारं रसायन मात्र काही वर्षांतच थकतं. म्हणून आता अंधारात काही दिसत नाही, आणि लोकांना वाटतं संपलं.

हे इथे आलं कसं? काकांना एवढंच माहीत की वाड्याच्या मालकांना घड्याळांचा नाद होता आणि रविवारी, बुधवारी जुन्या बाजारात फेरी चुकायची नाही. ते मला पटलं. लोहगावचा विमानतळ आपण गोव्याच्या तिकिटांसाठी ओळखतो. तो बांधला १९३९ साली, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी, ब्रिटिश हवाई दलाचा तळ म्हणून. युद्ध संपलं आणि किती सामान मागे राहिलं असेल! गंमत अशी, की त्याच काळात, ऑगस्ट १९४२ ते मे १९४४, तिथून काही मैलांवर आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत होते. त्यांचे सचिव महादेवभाई तिथेच गेले, कस्तुरबा तिथेच गेल्या. शाळेच्या सहलीत आम्ही दर वर्षी ते बघायला जायचो. वरून जाणाऱ्या विमानांबद्दल कुणा मास्तरांनी कधी चकार शब्द काढला नाही, आणि आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही.

पाऊण तास होऊन गेला होता. निघालो, तर काका म्हणाले, "थांबा, मग हेही बघा," आणि पहिल्या खोलीत नेलं. सोवळ्याच्या वस्त्रांची काचपेटी. मुकटा, कद, एक जीर्ण पीतांबर, आणि कोपऱ्यात घडी केलेला "रेशमी रुमाल, नक्षीदार. नैवेद्यावर झाकण्याचा." घडी उलगडली. ती नक्षी म्हणजे नद्या होत्या. ब्रह्मदेशातल्या इरावती, चिंदविन, मधले डोंगर, तपकिरी आणि हिरवट रंगात, दोन्ही बाजूंनी छापलेले.

विमान पडलं आणि वैमानिक जिवंत राहिला, तर त्याला शत्रूच्या मुलखातून चालत परत यावं लागे. त्याच्यासाठी हे कापडी नकाशे. कागद ओला झाला की लगदा, आणि खिशात कुरकुरतो. झडती घेणाऱ्याला ऐकू येतं. रेशमाची घडी मुठीत मावते आणि आवाज करत नाही. सुरुवातीला रेशमावर शाई फुटायची, रेषा पसरायच्या. मग शाईत पेक्टिन मिसळलं. पेरूची जेली ज्याने आळते, तेच. ऐकून काकांना जेलीचीच आठवण झाली आणि आम्ही थोडे भरकटलो.

हा नकाशा एका ओळखीच्या घरचा माळा आवरताना मिळालेला. त्या घरच्या आजी रोज देवाच्या ताटावर तो झाकायच्या. रेशीम ओवळं होत नाही, एवढा हिशेब. १९०५ साली ज्या शहरात विलायती कपड्यांची होळी झाली, त्याच शहरात हे विलायती कापड वरण-भातावर. पण आजींचंही काही चुकलं म्हणवत नाही. काका बोट ठेवून म्हणाले, "त्यांना इंग्रजी येत नव्हतं. नातवाने एकदा इथे वाचून दाखवलं, मंडाले. लोकमान्य सहा वर्षं होते ते. झालं. तेव्हापासून धुवायलाही दुसऱ्या कुणाकडे दिलं नाही." मंडालेवर, बरोब्बर त्या अक्षरांवर, हळदीचा एक जुना डाग होता.

माझ्या मनात एक किडा वळवळत होता. असे नकाशे पुढे पुढे रेयॉनवरही छापत, कारण रेशीम मिळेना. टंचाई इतकी, की ब्रह्मदेशात विमानांतून रसद टाकायला कलकत्त्यात तागाची पॅराशूट शिवून घेतली. नेहमीच्या पॅराशूटची किंमत वीस पौंडांच्या वर, तागाच्याची एका पौंडाच्या जरा पुढे. गोणपाटाच्या छत्रीखाली तांदूळ उतरले. तेव्हा हा रुमाल रेशमाचाच कशावरून? बोटांना सांगता येईना. कडेचा एक धागा जाळून बघायचा. केस जळाल्याचा वास आला तर रेशीम, नाहीतर नाही.

काकांना तसं म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"आणि नाही निघालं तर? चाळीस वर्षांचं सोवळं, त्याचं काय करायचं?" त्यांनी रुमालाची घडी घातली, आधीच्याच खुणांवर, मंडाले आत. "इथे काडेपेटी आणायची नाही."

खाली आलो तेव्हा पंक्चर काढून झालं होतं. तीन नव्हे, चार.

जुलैत गेलो तेव्हा सकाळपासून धो धो चाललेलं, दिंडीत पाणी साचलेलं. काका स्टुलावरच होते, पण मांडीवर शब्दकोडं नव्हतं, शंभर पानी वही होती. तारीख, वार, पाऊस आहे किंवा नाही, आणि शेवटच्या रकान्यात फूट. टिचकी मारून वाचायचं, हे ते विसरले नव्हते. त्या दिवशीचा आकडा होता २,३४०. आल्टिमीटर अजून घड्याळांच्याच कपाटात होता. चिठ्ठीतलं "बंद" खोडलं होतं, "फक्त सकाळची वेळ" हेही खोडलं होतं, आणि खाली त्याच निळ्या शाईत नवी ओळ: "उंची. पावसाळ्यात वाढते."

"दोनशे दहा फूट वर आलोय आपण," काका म्हणाले, आणि वही मिटून हात पुढे केला. "मार्चचे दहा राहिलेत तुमचे. आजचे धरून वीस."