तुम्ही विचारलंत म्हणून: बुलेट सोडून स्कूटरच का?

लग्नाच्या मांडवात, तालमीच्या कट्ट्यावर, पेट्रोल पंपाच्या रांगेत, कुठंही गाठून लोक मला हे विचारतात: "बुलेट घ्यायची ऐपत आहे, मग रोज स्कूटर का?" न बोललेला भाग असा की स्कूटर ही बायकांची गाडी. आजवर हसून वेळ मारून नेली. आता सविस्तर सांगतो.

सोपं उत्तर आधी. आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला दर दहा फुटांवर थांबावं लागतं, तिथं डाव्या हाताला क्लच नसणं हे सुख आहे. कपिलतीर्थातली भाजी हुकला, गंगावेशीतलं दूध पायात, रेनकोट डिकीत. बिंदू चौकात दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उभी राहते. कपडे चेनच्या तेलानं खराब होत नाहीत. रोज वापरणाऱ्याला यापेक्षा जास्त कारण लागत नाही, आणि तरी लोकांचं समाधान होत नाही.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. स्कूटरला यंत्र मानतच नाहीत. बुलेटसारख्या मोटरसायकलची चेन उघडी असते, सैल पडली की लोंबते, कोरडी पडली की करकरते, आणि सिग्नलला शेजारचाही सांगतो, "भावा, चेनला तेल घाल." स्कूटरला चेनच्या जागी रबरी पट्टा असतो, तो डाव्या बाजूच्या झाकणाआड फिरतो. उद्यमनगरात दिवसभर मापाचं व्हर्नियर हातात असलेली माणसं आहेत, लेथवरच्या जॉबला केसाएवढा फरक चालत नाही त्यांना. त्यांना विचारा, तुमच्या गाडीचा पट्टा शेवटचा कधी मोजला? पट्ट्याची रुंदी ठरलेल्या मापाखाली गेली की तो पुलीच्या खाचेत खोल बसतो. इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. "पिकअप गेला" म्हणतात ते बऱ्याचदा हेच. २० ते २४ हजार किलोमीटरला पट्टा बदलायचा, आणि झाकण उघडलंच आहे तर पुढच्या पुलीतले सहा रोलर हातात घेऊन फिरवून बघायचे. एका बाजूला चपटे झाले असतील तर सहाही टाकायचे. जाग्यावरून निघताना गाडी थरथरत असेल तर आतल्या आपोआप धरणाऱ्या क्लचचे शू आणि त्यांच्याभोवतीची वाटी, म्हणजे बेल, बघायची.

ऑइलचंही तसंच. इंजिनात मावतं पाऊण लिटरच्या आसपास, म्हणून शंभर-दीडशे मिली जळलं तरी ते जाणवण्याएवढं असतं. मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं, १०० ते १२० मिली. ते कित्येक गाड्यांत शोरूममधून आल्यापासून बदललेलंच नसतं. हवा: बहुतेक ११० सीसी गाड्यांना पुढं २२, मागं एकट्याला २९ आणि डबलसीटला ३६ पीएसआय. दोन्हीकडं सरसकट ४० भरून घेता आणि मग म्हणता स्कूटर खड्ड्यात उडते.

आता पूर. तुम्ही इथलेच, त्यामुळं २०१९ चा ऑगस्ट मी नव्यानं सांगायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क इथं पार्किंगमध्ये ज्या स्कूटर होत्या त्या सीटपर्यंत पाण्यात गेल्या. त्या पुरानं जेवढ्या मारल्या, त्याहून कितीतरी पाणी ओसरल्यावर मालकांनी मारल्या. वरून पाइपानं धुतल्या, पुसल्या, लखलखीत दिसल्या म्हणून सेल्फ मारला. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन सेकंदांचं काम, आणि अख्खं इंजिन खोलायला लागतं.

म्हणून क्रम पाठ करा. चावी लावायचीच नाही. जाग्यावरच फोटो काढा, विम्याला लागतात. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडा. गाडी ढकलत किंवा टेम्पोतून न्या. स्पार्क प्लग काढा, भोकावर फडकं धरा, हळूहळू किक मारा. आतलं पाणी फडक्यावर येतं. मग इंजिन ऑइल सोडा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी आत गेलंय. स्वस्तातलं ऑइल भरून, बाकी सगळं उरकल्यावर थोडं चालवून, परत सोडायचं; दुसऱ्यांदाही पांढरट आलं तर तिसऱ्यांदा. गिअर ऑइल बदला. टाकी पूर्ण रिकामी करा, कारण पाणी पेट्रोलच्या तळाशी बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. एअर फिल्टर धुवायचा नाही, टाकायचा. पट्ट्याचं झाकण, ब्रेकचे दोन्ही ड्रम आणि हँडलचे कोन (ज्यावर हँडल फिरतं ती बेअरिंग) उघडा, गाळ वाळायच्या आत. वाळला की तो सिमेंट होतो आणि शू, बेअरिंग खात बसतो. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या गाडीत इंजिनाचं कंट्रोल युनिट आणि सेन्सर यांच्या वायरींचे जोड, म्हणजे कपलर, सोडून वाळवा.

थर्ड पार्टी विम्यात यातलं काही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी, वेगळं इंजिन संरक्षण घेतलं नसेल तर, बुडालेलं इंजिन फिरवल्यानं झालेली मोडतोड बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. २०२१ च्या जुलैत परत तेच पाणी आणि परत तेच सेल्फ.

माझ्यातलाच जुना, गिअरवाल्या बजाज चेतक स्कूटरवर वाढलेला माणूस इथं मला अडवतो. म्हणतो, बाजूचा पत्रा काढला की इंजिन समोर असायचं, स्टेपनी होती, चाक पुढचं मागं बसायचं. झाकाझाकी तुमच्याच गाडीनं सुरू केली. मी त्याला म्हणायचो, बाबा, ती तिरकी करून किका मारायचे दिवस गेले. पण स्टेपनीबद्दल माझ्याकडं उत्तर नाही. घाटाबद्दलही नाही. पन्हाळ्याच्या उतारावर वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलसारखी मोकळी धावते. किंचित ॲक्सिलरेटर दिला की परत पकडतो. हे माहीत असलं तर उतरता येतं. रोज करूळ घाट उतरायचा असेल तर स्कूटर घ्या असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. हंगामात कसबा बावड्याच्या रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडकं छोट्या चाकाखाली आलं की काय होतं, तेही मला माहीत आहे. रात्री तिथं मी हळूच जातो आणि ट्रॉलीच्या मागं राहत नाही.

आणि जुनी स्कूटर बघायला जाणार असाल तर, रंग बघू नका. पायातलं मॅट उचला, हेडलाइटच्या आत काचेवर पुराच्या पाण्याची आडवी रेघ आहे का बघा, सीटखालच्या वायरींचे कपलर सोडून कोपऱ्यात बारीक पिवळट गाळ दिसतो का बघा. दिसला तर मालकाला एकच विचारा: पाणी उतरल्यावर पहिल्यांदा काय केलंत, प्लग काढला की सेल्फ मारला?