चार तासांची हजेरी

ह्यांच्या घोरण्यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं नुसते विनोद झाले. डोंबिवलीला गेलो की दीर म्हणायचे, दादा आलाय, आज रात्रभर मालगाडी जाणार. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय असं समजतो ना आपण, मीही तेच समजायचे. पण गेल्या वर्षी हे चहा ओतता ओतता पेंगले आणि चहा टेबलभर झाला, तेव्हा म्हटलं आता बास.

आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत. हे ६८ वर्षांचे, म्हणजे मेडिकेअर, इथला ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स. मला वाटलं सरकारी इन्शुरन्स आहे, डॉक्टर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं) लिहून देतील, दुकानातून आणायचं, संपलं. कसलं काय.

पहिली ठेच तर अशी लागली की काय सांगू. डॉक्टरांकडे गेलो, गुडघा झाला, बीपी झालं, निघता निघता मी म्हटलं की हे फार घोरतात आणि मधेच श्वास थांबतो. त्यांनी झोपेची घरी करायची टेस्ट लिहून दिली, नाकाला नळी, बोटाला सेन्सर, छातीला पट्टा, ती केली, स्लीप अॅप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडकण्याचा आजार. मग मशीन देणाऱ्या सप्लायरने कागद परत पाठवले! कारण मेडिकेअरला टेस्टच्या आधी डॉक्टरांनी पेशंटला तपासून झोपेबद्दल लिहिलेलं लागतं, आणि आमच्या नोट्समधे फक्त गुडघा आणि बीपी. बोललेलं चालत नाही, लिहिलेलं लागतं. म्हणजे परत डॉक्टर आणि मग परत टेस्ट, तोच पट्टा तीच नळी. तिथे दोन महिने गेले. दुसऱ्या वेळी मीच एका कागदावर सगळं लिहून नेलं, घोरणं, श्वास थांबणं, दिवसा पेंगणं, तो चहासुद्धा.

रिपोर्टवर दोन आकडे होते, २२ आणि १३. मी म्हटलं चूक झाली असेल. चूक नाही. तासाला किती वेळा श्वास अडकतो तो हा आकडा, पण श्वास अर्धवट झाला तर रक्तातला ऑक्सिजन ३ टक्के उतरला तरी मोजायचा ही एक पद्धत आणि ४ टक्के उतरला तरच मोजायचा ही दुसरी, मेडिकेअर दुसरीच धरतं. तोच माणूस, तीच रात्र, आणि २२ चे झाले १३! १५ किंवा वर असेल तर काही प्रश्न नसतो, ५ ते १४ मधे असलात तर सोबत बीपी, हार्ट, स्ट्रोक होऊन गेलेला, दिवसा अती झोप येणं असं काहीतरी लागतं आणि तेही लिहिलेलं. ह्यांचं बीपी असं पहिल्यांदाच कामी आलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. मशीन लगेच तुमचं होत नाही, १३ महिने भाडं, मग तुमचं. मेडिकेअरच्या पार्ट बी (डॉक्टर, मशीन वगैरेचा भाग) चं डिडक्टिबल, म्हणजे वर्षाला आधी आपण भरायची रक्कम (२०२५ ला २५७ डॉलर), झालं की ८० टक्के मेडिकेअर देतं, २० आपले, आमचे ते मेडिगॅपमधून (वरचा खर्च भरणारा खाजगी इन्शुरन्स) जातात. सप्लायर मेडिकेअर असाइनमेंट घेतो का, म्हणजे मेडिकेअरने ठरवलेला दर मान्य करतो का, हे मात्र आधी विचारा.

आणि मग खरी परीक्षा. पहिले तीन महिने ट्रायल, त्यात सलग कुठल्याही ३० दिवसांत ७० टक्के रात्री, म्हणजे २१, मशीन किमान चार तास लावलेलं पाहिजे. मशीनमधे मोडेम, ते रोजचा हिशोब पाठवतं. शाळेत हजेरीपट असायचा ना, तसं. नापास झालात तर मशीन परत, पुन्हा डॉक्टर, आणि पुन्हा टेस्ट, ती यावेळी लॅबमधे रात्रभर जाऊन. त्यात डिसेंबरात पुतण्याचं लग्न पुण्याला, तिकिटं काढलेली, आणि मोडेम इकडचं, तिकडून काही पाठवेल याचा भरवसा नाही. मशीनच्या कार्डावर नोंद राहते म्हणे, पण मला ती रिस्क नको होती, म्हटलं २१ रात्री इथेच करायच्या.

पहिल्या नऊ रात्रींत चार तास झाले फक्त दोनदा. हे दोनला उठून बाथरूमला जायचे आणि मास्क काढला की काढला. कारण काय, तर मिशी! नाकावरचा मास्क मिशीवर टेकतो आणि तिथून हवा फुसफुस सुटते, डोळ्यात जाते. मी म्हटलं काढा ती मिशी. चाळीस वर्षांची मिशी आहे, लग्नात फोटो आहेत, असं उत्तर आलं. शेवटी मोठा मास्क घेतला, नाक तोंड दोन्ही झाकणारा, त्यात मिशी आत राहते आणि कड तिच्यावर येत नाही. मग जमलं. तास सलग लागत नाहीत, बेरीज चालते, त्यामुळे बाथरूमहून आले की मीच अर्ध्या झोपेत मास्क त्यांच्या हातात द्यायचे. सकाळी चहाच्या आधी फोनवर आकडा बघायचा, ३ तास ५२ मिनिटं दिसले की माझंच बीपी वाढायचं. एकविसावी रात्र झाली त्या दिवशी शिरा केला.

एवढं करूनही संपत नाही, ३१व्या ते ९१व्या दिवसात डॉक्टरांना परत भेटायचं आणि फायदा होतोय असं त्यांनी लिहायचं. आम्ही ५२व्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी विचारलं कसं वाटतंय, हे म्हणाले, ओके. बस, ओके! डॉक्टरांची बोटं कीबोर्डवर थांबलेली. मी टेबलाखालून ह्यांना एक लाथ घातली आणि म्हटलं, डॉक्टर, लिहा, आता चहा कपातच पडतो. आणि टाइप होईपर्यंत स्क्रीनवरची नजर हलवली नाही.