कडियाल म्हणजे नक्षी नव्हे, सांधा

दुकानात ‘कडियाल’ ऐकलं की बरेच जण ते काठावरच्या नक्षीचं नाव समजतात. पैठणच्या मागावर, पैठणी विणताना, कडियाल म्हणजे सांधा. काठाचा बाणा (आडवा धागा) आणि अंगाचा, म्हणजे साडीच्या मधल्या भागाचा, बाणा एकमेकांत अडकवायची ती रीत.

त्याला धोटे, म्हणजे बाणा वाहून नेणारी नळकांडी, तीन लागतात. दोन काठांचे दोन, अंगाचा एक. काठाचा धागा सांध्यापर्यंत येतो, अंगाच्या धाग्यात कडीसारखा अडकतो आणि माघारी फिरतो. म्हणून काठाचा रंग अंगात उतरत नाही. एकधोटी ही दुसरी रीत, तिच्यात एकच धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो. ताणा (उभा धागा) एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. कापड हललं की धूपछाव, कधी हा रंग दिसतो, कधी तो.

कडी घालायची राहिली तर तिथे फट पडते, आणि साडी उजेडासमोर धरली की भोकांची रांगच दिसते. धागा जास्त ओढला तर काठाला चुण्या पडतात, पन्हा घटतो. फणीचा ठोका कितीही जोरात मारा, हे झाकलं जात नाही. तेवढा भाग उसवूनच परत विणावा लागतो. (किलीम गालिच्यात दोन रंगांमध्ये अशीच फट मुद्दाम सोडतात, तिथे तो दोष नाही.)

पदरात तर धोट्याचं काम नाहीच, तिथे तिल्ल्या, म्हणजे एकेका रंगाचा धागा गुंडाळलेल्या छोट्या काड्या. एक साधी मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, घ्या: जरीच्या जमिनीवर हिरवं अंग, लाल चोच. चोचीच्या ओळीला लाल तिल्ली एक, हिरवी एक, आणि जरीच्या दोन, कारण डावीकडची जरी पक्ष्याला ओलांडून उजवीकडे जात नाही. एका पक्ष्याला चार; पदरभर किती, ते मोजा. याच कामाला वेळ लागतो आणि दाम त्याचाच असतो.

धागा मागे न लोंबता जागच्या जागी वळतो, म्हणून हातविणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. जकार्डवर (नक्षी आपोआप उचलणाऱ्या यंत्रावर) विणलेल्या पदराला पाठीमागे सुटे धागे किंवा त्यांची कापलेली टोकं असतात. ही पारख हिमरूला, म्हणजे रेशीम-सुती नक्षीच्या कापडाला, मात्र लावू नका. हिमरूत नक्षीचा जादा बाणा पाठीमागे मोकळा राहतो, ती त्याची रीतच आहे. छत्रपती संभाजीनगरात दोन्ही कापडं शेजारी मांडलेली असतात, तिथे हा घोळ हमखास होतो.

बिघाडाचं मूळ पुष्कळदा मागाच्याही आधी असतं. कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण पाव हिस्सा डिंकच असतो. तो साबण-सोड्याच्या गरम पाण्यात उतरवतात. कमी उतरला तर रंग डागाळतो, पाणी फार कडक झालं तर धाग्याला तूस सुटते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ताणा ताठरतो, तुटतो. खड्ड्यात बसवलेल्या मागाला जमिनीची ओल मिळते. जमिनीच्या वर उभ्या केलेल्या मागाखाली दुपारी पाणी शिंपडा, ताण्यावर मात्र थेंब उडू देऊ नका.