रात्री बारा ते पाच

माझं काम वाचायचं. ऑडिओबुकं रेकॉर्ड करते, तेही घरूनच. झोपायच्या खोलीतलं एक मोठं कपाट रिकामं केलंय, आत तिन्ही बाजूंना जाड रजया टांगल्यात, मधे माइक आणि गुडघ्यांवर लॅपटॉप. दार ओढून घेतलं की आत मी, पुस्तक आणि स्क्रीनवर सरकणारी हिरवी रेघ. बोलले की रेघ फुगते, थांबले की सपाट होते. नऊ वर्षं ती रेघ बघून आता असं झालंय, की विमान येतंय हे मला कानांआधी डोळ्यांना कळतं. सपाट रेघेला आधी बारीक लव फुटते. मग ती जाड होत जाते. मी वाक्य अर्ध्यात सोडते आणि हात मांडीवर ठेवून वाट बघते. वीस-पंचवीस सेकंद. रेघ पुन्हा सपाट झाली की तेच वाक्य, त्याच सुरात, पहिल्या शब्दापासून.

संध्याकाळच्या गर्दीत दोन विमानांमध्ये दीड-दोन मिनिटांचं अंतर असतं. तेवढ्यात एक परिच्छेदही धड होत नाही. म्हणून मी रात्री काम करायला लागले, आणि तेव्हापासून मला आमची रात्र नीट ऐकू यायला लागली. त्याआधी मीही झोपेत कूस बदलून सकाळी थकून उठणाऱ्यांपैकीच होते. का थकलो ते कळायचं नाही, इतकंच.

आमचं घर धावपट्टीच्या टोकापासून सहा किलोमीटरवर, बरोबर तिच्या रेषेत. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं, म्हणजे धावपट्टीपासून मागे जाल तसं दर किलोमीटरला पन्नासेक मीटर वर. आमच्या गच्चीवरून ते ३०० मीटरच्या आसपास असतं. चाकं बाहेर आलेली असतात, पंखांचे फ्लॅप उघडलेले असतात. उतरताना इंजिनाचा जोर कमी असतो, त्यामुळे आपण ऐकतो त्यातला बराचसा आवाज इंजिनाचा नसतो. ती चाकं आणि फ्लॅप हवा फाडत येतात, त्याचा असतो. एअरबस ए३२० या जातीच्या विमानांना तर शिट्टी असते. पंखाखाली इंधनाच्या टाकीचा दाब सारखा ठेवायला गोल भोकं असतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा वारा त्यांच्यावरून जातो आणि सूर निघतो. त्या भोकांपुढे धातूचा एक छोटा तुकडा बसवला की सूर बंद होतो. लुफ्तान्सानं २०१४ पासून असे तुकडे बसवायला घेतले. हेडफोनमध्ये मला शिट्टीचं विमान आणि बिनशिट्टीचं विमान वेगळं कळतं, आणि दर वेळी वाटतं, एवढ्याशा तुकड्यानं जर इतका फरक पडतो, तर तो सगळ्याच विमानांना का नसावा?

“विमानतळ बघूनच घर घेतलं ना?” हा प्रश्न विमानांच्या आवाजाबद्दलच्या प्रत्येक बैठकीत येतो. हो, विमानतळ आहे हे माहीत होतं. पण विमानं वाऱ्याच्या तोंडावर उतरतात. वारा फिरला की उतरायची बाजूही फिरते. आम्ही घर बघायला तीनदा आलो, तिन्ही वेळा दुपारी, आणि तेव्हा वाऱ्यामुळे विमानं पलीकडच्या बाजूनं उतरत होती. खिडकी उघडून उभे राहिलो तर झाडाची पानं ऐकू येत होती. ऋतू बदलला आणि विमानं आमच्या डोक्यावर आली. शिवाय रात्री तीनच्या विमानाची उद्घोषणा घर विकताना कोणी करत नाही. विमानतळ आधी होता हे खरं आहे, पण म्हणून त्याच्या सावलीत राहणाऱ्यांनी झोपेवरचा हक्क सोडला, असा अर्थ मला मान्य नाही.

आई माझ्याकडे असते. एकोणऐंशी वर्षांची आहे, दोन्ही कानांत यंत्रं आहेत. यंत्र माणसाचं बोलणं मोठं करतं तसं विमानही मोठं करतं. आधी ती दर वेळी “आलं गं ते” म्हणत कानांवर तळवे धरायची. आता संध्याकाळचे सात वाजले की दोन्ही यंत्रं काढते, पुसते आणि निळ्या डबीत ठेवून झाकण लावते. त्यानंतर आम्ही काय बोलतो, हसतो, कुणाचा फोन आला, यातलं तिच्यापर्यंत काही पोचत नाही. ती आमच्या तोंडांकडे बघत बसते. भाचीनं परीक्षेचा निकाल सांगायला फोन केला तेव्हा आईला तो मी कागदावर लिहून दाखवला. तिनं वाचला, मान हलवली आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला. आवाजाच्या त्रासाचं मोजमाप करणाऱ्या कुठल्या तक्त्यात ही डबी बसवायची, मला कळत नाही.

तक्त्यांचं असं, की ते सरासरीवर चालतात. मागच्या वर्षी एका बैठकीत आम्हाला रंगीत नकाशा दाखवला. धावपट्टीभोवती लांबट पट्टे, आतला लाल, बाहेर नारिंगी, मग पिवळा. आमची गल्ली पिवळ्यात. रात्रीची सरासरी ५० डेसिबल. समजावणारे गृहस्थ म्हणाले, “पन्नास म्हणजे शांत घरातल्या गप्पांइतकं.” ते खोटं बोलत नव्हते. घरी येऊन मी हिशेब मांडला, कारण डेसिबलशी माझा रोजचा संबंध आहे. माझ्या मीटरवर गच्चीत एक विमान ७५ दाखवतं. समजा, ते २० सेकंद टिकतं. रात्रीच्या ८ तासांचे २८,८०० सेकंद. डेसिबलची बेरीज-सरासरी साध्या आकड्यांसारखी होत नाही; २० सेकंदांचा तो आवाज सगळ्या रात्रीवर सारखा पसरला की सरासरी येते ४३. अशी पाच विमानं गेली की ५०. म्हणजे नकाशावरचे ते ‘शांत गप्पांइतके’ ५० डेसिबल म्हणजे ७५ डेसिबलनं पाच वेळा उठणं. रात्रभर ५०चा आवाज आमच्याकडे कधीच नसतो. शांतता असते आणि ती फाटते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत विमानांच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४० डेसिबलच्या खाली ठेवावी असं म्हटलंय. या हिशेबानं एकच विमान ती मर्यादा ओलांडतं.

त्या दिवसापासून मी वही ठेवलीय. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, मीटरचा आकडा. बारा ते पाच.

आता स्थलांतराबद्दल. विमानतळ शहराबाहेर न्यायचा ही चर्चा मी इथे आले तेव्हाही चालू होती, आजही आहे. आमच्या इमारतीत दोन तट आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा कार्गोत रात्रपाळी करतो. विमानतळ चाळीस किलोमीटर लांब गेला तर त्याचा दिवस प्रवासातच जाईल, ही त्यांची काळजी खरी आहे. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्यांना विमानतळ उद्या गेला तर हवाय. मी बरीच वर्षं वरच्यांच्या बाजूनं होते. सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली.

मग एकदा नव्या जागेजवळच्या गावात एका मैत्रिणीच्या मावशींकडे मुक्कामाला गेले. रेकॉर्डर सोबत होता. पहाटे तीनला अंगणात लावला. हेडफोनमध्ये काही नाही म्हणजे खरंच काही नाही: लांब कुठेतरी कुत्रं, जवळ पानावरून पडलेला दवाचा थेंब. रेघ इतकी बारीक की मशीन बंद पडलं की काय म्हणून मी बटण तपासलं. सकाळी मावशींनी विचारलं, “तुमच्याकडचं कसं असतं ते ऐकव की.” माझ्याकडे फाइल होती. त्यांनी हेडफोन लावला, ऐकता ऐकता वर छताकडे बघितलं. काढून ठेवला आणि विचारलं, “रात्रीतून किती वेळा?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “आणि हे इकडे आणणार?”

मला उत्तर देता आलं नाही. सह्यांच्या कागदांवर हे गाव कुठेच नव्हतं.

म्युनिकमध्ये हे अक्षरशः मोजलं गेलंय. १९९२च्या मे महिन्यात तिथला रीमचा जुना विमानतळ एका रात्रीत बंद झाला आणि नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. जुन्या जागेजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन विमानं गेल्यावर सुधारलं. नव्या जागेजवळच्या मुलांचं घसरलं. २००२ मध्ये हे छापून आलं. मी तो निबंध दोनदा वाचला. आधी आपल्या बाजूनं पुरावा मिळाला म्हणून आनंद झाला, मग त्याच पानावर मावशींच्या अंगणात खेळणारी पोरं दिसली.

हाँगकाँगनं काई ताक हा कौलून भागातला जुना विमानतळ १९९८ मध्ये बंद करून समुद्रात भराव घालून केलेल्या जागेवर नवा उभारला. इमारतींच्या खिडक्यांशेजारून वळणारी ती विमानं गेली, आणि कौलूनच्या लोकांना दिलासा मिळाला. तेव्हा स्थलांतर चूकच, असं मी म्हणत नाही. पण मॉन्ट्रियलनं १९६९ मध्ये मिराबेलसाठी सुमारे ९७,००० एकर जमीन घेतली, शेतकऱ्यांना उठवलं, १९७५ मध्ये विमानतळ उघडला आणि २००४ मध्ये तिथली प्रवासी वाहतूक थांबली. जुना विमानतळ शहरातच चालू राहिला. आणि बर्लिनची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. नव्या विमानतळाची जागा १९९६ मध्ये ठरली. ३ जून २०१२ला उद्घाटन, तारीख जाहीर. महिनाभर आधी आगीच्या सुरक्षेची यंत्रणा तयार नाही म्हणून रद्द. उघडला तो ३१ ऑक्टोबर २०२०ला. टेगेलच्या जुन्या विमानतळाखाली राहणाऱ्यांनी ‘आता थोडेच दिवस’ म्हणत आणखी आठ वर्षं काढली.

आमच्याकडे नेमकं हेच चाललंय, आणि माझी तक्रार हीच आहे. रात्रीच्या विमानांबद्दल काही लिहून दिलं की एकच उत्तर येतं: विमानतळ हलणारच आहे. खिडक्यांना दुहेरी काचा द्या म्हटलं, तेच. रात्रीचं वेळापत्रक दाखवा म्हटलं, तेच. स्थलांतराच्या आशेवर आमच्या दहा वर्षांच्या रात्री गेल्या आणि नव्या जागेवर अजून कुंपणसुद्धा नाही.

रात्र मागता येते. त्यासाठी नवी जमीन लागत नाही. पॅरिसच्या ओर्लीवर १९६८ पासून रात्री साडेअकरा ते सकाळी सहा नेहमीच्या विमानांना बंदी आहे. सिडनीत १९९५च्या कायद्यानं रात्री अकरा ते सकाळी सहा. फ्रँकफर्टमध्ये लोक कोर्टात गेले आणि २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच ठरलेली उड्डाणं थांबली. तरीही फ्रँकफर्ट आज युरोपातल्या मोठ्या मालवाहतुकीच्या विमानतळांत आहे. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “पण माझ्या पोराचा रात्रपाळीचा भत्ता जाईल त्याचं काय?” भत्ता जाईल, हे खरं आहे. त्याच्यासाठीही काहीतरी मागावं लागेल, हे मी त्यांच्यासमोर कबूल केलं. आमच्या मागणीच्या कागदात पाळ्यांचा मुद्दा त्यांनीच लिहिलाय, स्वतःच्या अक्षरात.

ओसाकाचं उदाहरण मी बैठकीत नेहमी देते. इतामी विमानतळाच्या आवाजाविरुद्ध तिथले रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८१ मध्ये त्यांना झालेल्या त्रासाची भरपाई मिळाली, पण रात्री बंदी घालण्याचा आदेश काही मिळाला नाही. पुढे १९९४ मध्ये समुद्रातल्या बेटावर कान्साई उभा राहिला. तेव्हा इतामी बंद होणार असं वाटत होतं, पण आसपासच्या नगरपालिकांनीच तो राहू दे म्हटलं. आज तो सकाळी सात ते रात्री नऊ चालतो. नऊनंतर आकाश मोकळं.

माझ्याकडे २०२०च्या एप्रिलमधली एक फाइल आहे. विमानं जवळपास थांबली होती तेव्हाची, कपाटातल्या नुसत्या शांततेची, अकरा मिनिटांची. रेकॉर्डिंगमध्ये दोन वाक्यांमधली जागा भरायला खोलीची शांतता लागते. आम्ही तिला रूम टोन म्हणतो. आजही विमानानं एखादी जागा खराब केली की मी त्या अकरा मिनिटांतला तुकडा कापून तिथे लावते. माझ्या प्रत्येक पुस्तकात ती एप्रिलची रात्र थोडी थोडी आहे.

गेल्या मंगळवारी अर्ज दिला. बारा ते पाच ठरलेली लँडिंग नकोत, एवढीच पहिली ओळ. सोबत वहीच्या झेरॉक्स. खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज उलटसुलट बघितला आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाल्या, “अहो, पण विमानतळ हलणार आहे ना?”

“हो,” मी म्हटलं. “तोपर्यंतचं मागतोय.”

त्यांनी शिक्का उचलला, मग खाली ठेवला. वहीची पानं चाळायला लागल्या. एका ओळीवर बोट थांबलं. गेल्या गुरुवारची, पहाटे ३ वाजून १० मिनिटं, मीटरवर ७८.

“याला मीही उठले होते,” त्या म्हणाल्या, आणि पोचेवर शिक्का मारला.